गल्ल्यावर कोण बसणार?

— द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

आमच्या गावातील एका किराणा दुकानदाराने तीन वर्षांपूर्वी चाकणला दुसरे दुकान काढले. जागा मिळाली, माल भरला, पाटीही रंगवून झाली. पण दुकान उघडणे मात्र महिनाभर अडून राहिले. नव्या दुकानाच्या गल्ल्यावर कोणाला बसवायचे हेच ठरेना! पुतण्याला बसवावे, तर तो घरचा, विश्वासाचा. परंतु चाकणचे गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचे नाही. चाकणच्याच एखाद्या हुशार मुलाला बसवावे, तर त्याला गिऱ्हाईक ठाऊक. पण उधारी कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, ही दुकानाची रीत ठाऊक नाही. शिवाय पैशाचा मामला. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. पुतण्या सहा महिने गल्ल्यावर बसला, त्याच्या हाताखाली चाकणचा मुलगा तयार झाला आणि मग पुतण्या गावी परत आला.

वाचकांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु जगातील अवाढव्य कंपन्या परक्या देशात कारखाना किंवा कचेरी काढतात, तेव्हा त्यांच्यापुढेही नेमका हाच प्रश्न उभा असतो. तेथील कारभार आपल्या देशातून माणूस पाठवून चालवावा, की त्या देशातील माणसाच्या हाती सोपवावा? या प्रश्नाचा थोडा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विषय वाणिज्य शाखेचा. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात का डोके घालावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण घरचे आहे.

घरचे कारण

माझे वडील औद्योगिक वसाहतीत एका परदेशी कंपनीच्या कारखान्यात मशिनवर काम करतात. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील सर्वांत वरचे साहेब आणि मशिनच्या सेटिंगचे तज्ज्ञ त्या कंपनीच्या देशातून आलेले आहेत. त्यांना मराठी-हिंदी येत नाही, इंग्रजीही बेताचेच येते. सगळ्या कारखान्यात मिळून दुभाषी एक, आणि तोही बहुधा वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये.

दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या ध्यानात आले की मशिनचा आवाज बदलला आहे. त्यांनी सुपरवायझरला सांगितले, "बेअरिंग जाणार बघा." सुपरवायझरने इंजिनिअरला सांगितले. इंजिनिअर म्हणाला, "सेटिंग परदेशी तज्ज्ञांनी केलेले आहे, त्यांच्या परवानगीशिवाय हात लावता येणार नाही." तज्ज्ञ मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या दिवशी बेअरिंग जाम झाले आणि दीड पाळी सगळी लाईन उभी राहिली. मग मोठे साहेब स्वतः खाली आले. दुभाष्यामार्फत त्यांनी वडिलांना विचारले, "तुम्ही आधी का सांगितले नाही?" वडील म्हणाले, "सांगितलं होतं सायेब. पण तुमच्यापर्यंत यायचा जिना लई लांब हाये." दुभाष्याने याचे काय भाषांतर केले ते त्यालाच ठाऊक, साहेबांनी मात्र नुसती मान हलविली.

साहेब वाईट होते असे वडील कधीही म्हणाले नाहीत. उलट, "ते रोज आमच्याआधी येतात, कामात एक नंबर," असेच ते सांगतात. तरीही त्या रात्री जेवताना त्यांनी मला एक प्रश्न विचारला, "तू कॉलेजात शिकतोस. मला एवढंच सांग, अशा कंपनीत आपल्या पोरांला वरपर्यंत चढता येतं का, का मध्येच कुठंतरी दार बंद असतं?" आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला. मला उत्तर देता आले नाही. ग्रंथालयात बसून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

चार वाटा

या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी हॉवर्ड पर्लम्यूटर या अमेरिकन प्राध्यापकाने १९६९ साली केली. कंपनीचा आकार किंवा तिच्या शाखा किती देशांत आहेत हे पाहून तिचा स्वभाव कळत नाही. कारभार करणाऱ्यांच्या मनाचा कल कोठे आहे ते पाहावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी प्रथम तीन कल सांगितले. पुढे त्यांत चौथ्याची भर पडली. त्यांना मराठीत मी अशी नावे देतो : स्वदेशकेंद्री, यजमानकेंद्री, प्रदेशकेंद्री आणि विश्वकेंद्री.

स्वदेशकेंद्री म्हणजे मोक्याच्या जागी आपल्याच देशातून पाठविलेली माणसे नेमणे. ही रीत फार जुनी आहे. शिंदे, होळकर, गायकवाड यांनी ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे बस्तान बसविले, तेव्हा मोडी लिहिणारे मराठी कारकून त्यांच्याबरोबर गेले आणि दप्तर त्यांच्या हाती राहिले. यात लाभ असा की, मूळ घराची रीत जशीच्या तशी पोहोचते आणि मालकाचा विश्वास अभंग राहतो. तोटा असा की, स्थानिक माणसाला आपली शीव कळून चुकते. हुशार असेल तो सोडून जातो. राहतो तो सांगितलेले करतो आणि गप्प बसतो.

यजमानकेंद्री रीत याच्या उलट आहे. ज्या देशात शाखा, त्या देशाच्याच माणसांनी ती चालवायची. येथे भाषेची अडचण नाही; गिऱ्हाईक, कायदा, सणवार, कामगारांची मने, सगळे ओळखीचे. खर्चही कमी. परंतु प्रत्येक शाखा हळूहळू स्वतंत्र संस्थान बनते. मुख्य कचेरीला तिचे अंतरंग कळत नाही, एका देशात सापडलेली युक्ती दुसऱ्या देशात पोहोचत नाही. शिवाय स्थानिक अधिकारी आपल्या देशात कितीही वर चढला, तरी मुख्य कचेरीचे दार त्याला उघडेलच असे नाही.

प्रदेशकेंद्री रीतीत शेजारी देशांचा एक गट मानतात आणि त्या गटात माणसे फिरवितात. सिंगापूरला आशियाची कचेरी थाटून तेथे भारतीय, मलेशियन, फिलिपिनो अधिकारी नेमणे हा त्यातलाच प्रकार.

विश्वकेंद्री रीतीत माणसाचे पारपत्र न पाहता गुण पाहावयाचे असतात. याचे गाजलेले उदाहरण जपानच्या निस्सान मोटार कंपनीचे. १९९९ साली ती कर्जात बुडाली असता फ्रान्सच्या रेनॉने तिचा मोठा हिस्सा घेतला आणि कार्लोस गोन यांना टोकियोला पाठविले. गोन जन्माने ब्राझीलचे, कुळाने लेबनॉनचे, शिक्षणाने फ्रान्सचे. त्यांनी रेनॉची थोडीच माणसे बरोबर नेली. सुधारणेच्या योजना मात्र निस्सानच्याच वेगवेगळ्या खात्यांतील माणसांच्या तुकड्या करून त्यांच्याकडून तयार करून घेतल्या. कंपनी एक-दोन वर्षांतच नफ्यात आली. पुढे २०१८ साली आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपांवरून गोन यांना जपानमध्ये अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले आणि २०१९ च्या अखेरीस ते देश सोडून पळाले. तो निराळा विषय. पण परका माणूस वर असूनही आतल्या माणसांचे ज्ञान वर आणता येते, एवढे त्या पहिल्या दोन वर्षांवरून दिसते. विश्वकेंद्री रीत कागदावर सर्वांत उत्तम दिसते. प्रत्यक्षात मात्र ती सर्वांत खर्चिक व अवघड. माणसे हेरा, शिकवा, देशोदेशी हलवा, व्हिसा मिळवा; एवढे सगळ्यांना परवडत नाही.

शिवडीच्या कारखान्याची गोष्ट

नुसत्या व्याख्यांनी काही उमगत नाही, म्हणून आपल्या मुंबईतलेच उदाहरण घेऊ. लिव्हर ब्रदर्स (इंडिया) ही कंपनी १९३३ साली स्थापन झाली आणि १९३४ मध्ये शिवडीच्या कारखान्यात साबण तयार होऊ लागला. साबण भारतात होऊ लागला तरी साहेब इंग्रजच होते. परंतु १९४२ साली कंपनीने एक निर्णय घेतला : युरोपीय अधिकाऱ्यांच्या जागा भरण्यासाठी भारतीयांना तयार करावयाचे. स्वातंत्र्याला अजून पाच वर्षे होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

इंग्लंडमध्ये हिशेबनिसाची परीक्षा देऊन आलेले प्रकाश टंडन या उद्योगसमूहात १९३७ साली लागले होते. १९५१ साली ते पहिले भारतीय संचालक झाले. १९५६ साली तीन कंपन्या एकत्र होऊन हिंदुस्थान लिव्हर झाली आणि १९६१ साली टंडन तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. त्या वर्षी कंपनीच्या २०५ व्यवस्थापकांपैकी १९१ भारतीय होते.

म्हणजे कंपनी सुरू झाल्यापासून वरच्या खुर्चीत भारतीय माणूस बसेपर्यंत २८ वर्षे गेली. ही वाट लांब खरी. पण ती आपोआप झाली नाही, ठरवून बांधली गेली. आधी निर्णय, मग शिक्षण, मग संचालकपद, मग अध्यक्षपद, अशा पायऱ्या त्यात दिसतात. आणि केवळ एक टंडन वर गेले असते तर त्यास शोभेची नेमणूक म्हणता आले असते. १९१ हा आकडा तसे म्हणू देत नाही.

मारुतीचे कॅन्टीन

दुसरे उदाहरण मारुतीचे. १९८२ च्या ऑक्टोबरात भारत सरकारची मारुती उद्योग आणि जपानची सुझुकी यांचा करार झाला. त्या वेळी सुझुकीचा हिस्सा २६ टक्के होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीच्या चाव्या गिऱ्हाइकाच्या हाती पडल्या. व्ही. कृष्णमूर्ती, आर. सी. भार्गव असे भारतीय अधिकारी कारभार पाहत होते. तंत्र मात्र जपानी. ते शिकविण्यासाठी जपानी माणसे गुडगावला आली आणि येथील माणसे शिकण्यासाठी जपानला गेली.

त्याबरोबर आणखीही काही आले. साहेब आणि कामगार यांना एकच गणवेश, एकच कॅन्टीन, आणि साहेबांच्या बंद खोल्यांऐवजी खुली कचेरी. ज्या देशात साहेबाचा चहाचा कपसुद्धा वेगळा असे, तेथे ही मोठीच गोष्ट होती. जेवणाच्या रांगेत साहेब मागे उभा असेल, तर बेअरिंगचा आवाज त्याला सांगायला जिना चढावा लागत नाही! माणूस कोठल्या देशाचा, याइतकेच तो कोठे बसतो यालाही महत्त्व आहे, हे मला येथे प्रथम कळले. अर्थात गणवेश एक केला म्हणजे सगळे प्रश्न सुटले असे नव्हे. त्याच कंपनीच्या मानेसर येथील कारखान्यात २०१२ साली झालेल्या हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. बाहेरून आणलेली रीत सतत जपावी लागते.

मारुतीवरून आणखी एक गोष्ट दिसते. २००२ साली सुझुकीकडे कंपनीचा बहुसंख्य हिस्सा गेला. २००७ साली भार्गव अध्यक्ष झाले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस व्यवस्थापकीय संचालकाच्या खुर्चीत जपानी अधिकारी आले, आणि त्यांच्यानंतरही जपानीच येत गेले. म्हणजे प्रवास नेहमी परक्याकडून स्थानिकाकडेच होतो असे नाही. मालकी बदलली की गल्ल्यावरचा माणूसही बदलू शकतो.

आपण मालक असताना

येथवर आपण पाहुण्याचे वर्तन तपासले. पण आपण स्वतः परदेशी जातो तेव्हा काय करतो? टाटा मोटर्सचे नाव पिंपरी-चिंचवडच्या परिसरात कोणाला ठाऊक नाही! या कंपनीने २००४ साली दक्षिण कोरियातील गुनसान येथील देवू कंपनीचा ट्रकचा धंदा सुमारे १० कोटी २० लाख डॉलरला घेतला. भारतीय मालक कसा वागेल याबद्दल तेथील लोकांना शंका असणे साहजिक होते. टाटांच्या अधिकाऱ्यांनी कोरियन भाषेचे धडे घेतले, आपल्या कंपनीची माहिती कोरियन भाषेत मांडली आणि कारभार कोरियन प्रमुखाच्याच हाती ठेवला. भारतातून पाठविलेली माणसे मोजकीच होती.

२००८ साली याच कंपनीने फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर ही ब्रिटिश कंपनी २३० कोटी डॉलरला घेतली. तेथे आरंभी डेव्हिड स्मिथ हे ब्रिटिश प्रमुख होते. २०१० साली राल्फ श्पेट हे जर्मन आले. २०२० मध्ये तिएरी बोलोरे हे फ्रेंच. त्यांच्यामागून एड्रियन मार्डेल हे पुन्हा ब्रिटिश. पी. बी. बालाजी या भारतीय अधिकाऱ्याकडे प्रमुखपद आले ते २०२५ साली. मालकी भारतीय होऊन १७ वर्षे झाल्यावर! यास दुबळेपणा म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. त्या मोटारींचे तंत्र आणि बाजारपेठ यांचे ज्ञान तेथील माणसांपाशी होते. ज्यांच्यापाशी ज्ञान, त्यांच्या हाती काम, असा तो सरळ हिशेब होता.

निवड कशी करावी?

या उदाहरणांवरून मला पुढील गोष्टी विचारात घ्याव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, ज्ञान कोठून कोठे न्यावयाचे आहे? मशिन नवे, तंत्र नवे, तर शिकविणारा माणूस बाहेरून यावा लागेल. माल साधा, पण गिऱ्हाईक अनोळखी, तर स्थानिक माणूसच हवा. साबण कसा करावा हे लंडनला ठाऊक असेल; साताऱ्याच्या बाजारात तो कसा खपेल हे तेथे कसे कळणार?

दुसरी गोष्ट शाखेच्या वयाची. पहिल्या वर्षी जे योग्य ते दहाव्या वर्षी योग्य राहतेच असे नाही.

तिसरी, खर्च. परदेशी पाठविलेल्या अधिकाऱ्याला पगाराखेरीज घर, मुलांची शाळा, विमानाची तिकिटे, मायदेशी व परदेशी अशा दोन्हीकडच्या करांची सोय, असे सगळे द्यावे लागते. त्या पैशात कित्येक स्थानिक अधिकारी ठेवता येतात.

चौथी, घर. रोझली टुंग या अभ्यासक महिलेने १९८० च्या दशकाच्या आरंभी पाहणी केली, तेव्हा अमेरिकन कंपन्यांच्या बाबतीत अधिकारी परदेशी अपयशी ठरण्याचे पहिले कारण त्याच्या जोडीदाराचे तेथे मन न रमणे हे आढळले. आपल्याकडे बदलीच्या गावी ज्यांच्या आया एकट्या पडल्या, त्या मुलांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पाचवी, कायदा. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये प्रत्येक कंपनीचा निदान एक संचालक वर्षातून किमान १८२ दिवस भारतात राहणारा असावा लागतो. सौदी अरेबियाने २०११ साली 'निताकत' योजना आणून खाजगी कंपन्यांना ठरावीक प्रमाणात सौदी नागरिक नेमणे भाग पाडले. आखातात पोट भरणाऱ्या कोकणातील कुटुंबांनाही अशा नियमांची काळजी वाहावी लागते. तेव्हा 'स्थानिकांना काम' ही घोषणा आपण देतो तशी दुसराही देतो, याचे भान ठेवावे.

आणि सहावी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाहेरून माणूस पाठवायचा असेल तर जरूर पाठवावा. परंतु तो परत कधी जाणार आणि त्याच्या जागी कोण येणार, हे त्याच्या नेमणुकीच्या दिवशीच ठरवावे. आपल्या हाताखालचा माणूस तयार करणे हे त्याच्या कामांपैकी एक काम असावे आणि त्याचे यश त्यावरूनही मोजले जावे. किराणा दुकानदाराने सहा महिन्यांत जे केले, लिव्हरने २८ वर्षांत केले, ते हेच. मुदत नसलेली पाहुण्याची सत्ता म्हणजे स्थानिकांना कायमचे हाताखाली ठेवणे होय. आणि त्यात नुकसान केवळ स्थानिकांचे नाही. कंपनीची दीड पाळीही जाते.

वडिलांना दिलेले उत्तर

हे सारे वाचून झाल्यावर मी वडिलांना सांगितले, "दार बंदच असतं असं नाही. काही ठिकाणी ते उघडलं आहे. पण ते उघडायचं कोणीतरी ठरवावं लागतं, आणि आपल्यालाही पायऱ्या चढाव्या लागतात." ते म्हणाले, "मग तू कुठली पायरी चढणार? तू तर इंजिनिअर नाहीस."

प्रश्न बरोबर होता. कला शाखेच्या विद्यार्थ्याला कारखान्यात स्थान नाही, असा समज आपल्यापैकीही अनेकांचा आहे. पण त्या दिवशी कारखान्यात मशिन दुरुस्त करणाऱ्याची उणीव नव्हती. उणीव होती ती एकाचे बोलणे दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचविणाऱ्याची. भाषा, इतिहास, माणसांच्या रीतिभाती हे आपले विषय आहेत. परक्या साहेबाला येथील माणूस समजावून देणे आणि येथील माणसाला परक्या साहेबाची रीत समजावून देणे, हे काम ज्याला येईल त्याची अशा ठिकाणी गरज आहे. पर्लम्यूटरच्या चारही वाटांवर हा माणूस लागतोच.

या वर्षीच्या जूनपासून मी त्या कंपनीच्या देशाची भाषा शिकण्यास प्रारंभ केला आहे. दर रविवारी पुण्याला जातो, एस.टी.चे भाडे वडील देतात. अक्षरे अजून वेडीवाकडीच येतात. वही पाहून वडील म्हणाले, "यात 'बेअरिंग'ला काय म्हणतात?" तो शब्द मला अद्याप आलेला नाही; पण येत्या रविवारी प्रथम तोच विचारणार आहे.